ओल्या बाळंतिणीची विचारपूस

‘किरकोळ कारणावरून’ हे दोन शब्द जिल्ह्याच्या पानावर दिसले की मला पुढचं वाचवत नाही. तान्ह्या लेकराच्या आईनं जीव दिलेला असतो, कधी लेकरासकट. बातमीत तिचं वय असतं, गाव असतं, लेकरू किती महिन्यांचं होतं ते असतं आणि शेवटी कारण म्हणून हे दोन शब्द. मग दोन दिवस चावडीवर, बचत गटाच्या बैठकीत, व्हॉट्सॲपवर वाद चालतो. एक बाजू म्हणते, हल्लीच्या पोरींना सोसवत नाही, आमच्या सासवा शेतात बाळंत होऊन चौथ्या दिवशी भांगलणीला जायच्या. दुसरी बाजू म्हणते, नवऱ्याला आणि सासूला आधी आत टाका. मध्येच कुणीतरी ‘डिप्रेशन’ हा शब्द काढतं, प्रत्येक तालुक्याला मानसोपचारतज्ज्ञ नेमा अशी मागणी करतं आणि मोकळं होतं. तिसऱ्या दिवशी उसाच्या दराचा विषय निघतो. तिघंही आपापल्या परीनं गुन्हेगार शोधत असतात: कुणाला ती बाई सापडते, कुणाला तिचं सासर, कुणाला सरकार. गेल्या चार महिन्यांत त्या बाईला कोण कोण भेटलं होतं, आणि भेटलेल्यांनी तिला काय विचारलं होतं, हा प्रश्न मात्र कुणाच्या तोंडी येत नाही.

तो यायला हवा, कारण बाळंतिणीला भेटणारी माणसं आपल्याकडे पुष्कळ आहेत. दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईच्या घरी आशाताईनं तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जायचं असतं. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांनी तीच बाई लेकराला घेऊन लसीसाठी सिस्टरसमोर बसते. गरोदरपणी दर महिन्याच्या ९ तारखेला डॉक्टरांच्या तपासणीची सोय असते. अंगणवाडीत नाव असतं, पोषण आहार असतो. यंत्रणा तिच्या उंबऱ्यापर्यंत पोचलेली आहे आणि उंबऱ्यावर उभी राहून बाळाचं वजन करून परत जाते. माझं म्हणणं असं आहे की आईच्या मनाचं आरोग्य ही ना घरातली झाकून ठेवायची बाब, ना एकट्या डॉक्टरचं काम. ते गावानं आणि आरोग्य खात्यानं मिळून करायचं काम आहे. आणि ‘मिळून’ म्हणजे कुणी काय करायचं आणि पैसे कुणी मोजायचे, हे कागदावर लिहून.

ही मागणी शहरी वाटेल म्हणून आधी आकड्यांकडे येते. गोव्यात २००२ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के मातांमध्ये नैराश्य आढळलं. भारतभरच्या अनेक अभ्यासांची एकत्रित मोजदाद २०१७ साली झाली, त्यातही आकडा २२ टक्क्यांच्या आसपास आला. जागतिक आरोग्य संघटना विकसनशील देशांसाठी साधारण हेच प्रमाण सांगते. म्हणजे पाच बाळंतिणींमध्ये एक. यात पहिल्या आठवड्यातलं रडू मी धरत नाही. ते निम्म्याहून अधिक जणींना येतं आणि आपोआप ओसरतं. ज्या दुःखात बाई आठवडेच्या आठवडे झोपत नाही, जेवत नाही, लेकराकडे पाहून काहीच वाटत नाही म्हणून स्वतःलाच दोष देते, त्याबद्दल मी बोलते आहे. शरीराच्या बाबतीत आपण किती पुढे आलो ते पाहा. २०१८ ते २०२० या काळात महाराष्ट्रात एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ मातामृत्यू होते. देशाचा आकडा ९७ होता आणि आपल्या पुढे फक्त केरळ. याचा अभिमान वाटतो. पण या मोजणीची मुदत बेचाळीस दिवसांची. आणि गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतर केलेली आत्महत्या हा थेट मातामृत्यू धरावा, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०१२ सालीच सांगितलेलं असताना, आपल्याकडे ती पोलीस ठाण्यात आकस्मिक मृत्यू म्हणून नोंदली जाते. रक्तस्रावानं गेलेल्या बाईसाठी बैठक बसते, कुठे चुकलं ते तपासलं जातं. मन खचून गेलेल्या बाईच्या वाट्याला ते दोन शब्द येतात.

मी हे तटस्थपणे लिहू शकत नाही. २०१४ साली मला दुसरी मुलगी झाली. कोल्हापूर जिल्ह्यातल्या करवीर तालुक्यातलं आमचं घर चांगलं नांदतं, सासूबाई प्रेमळ, नवरा निर्व्यसनी. ‘दुसरीपण मुलगीच’ हे वाक्य भेटायला येणाऱ्यांनी आणलं, घरच्यांनी नाही. एकविसाव्या दिवशी आशाताई आल्या. त्यांनी बाळाचं वजन केलं, ताप पाहिला, नाळ पाहिली आणि कागद भरायला घेतला. त्यात बाळंतिणीविषयी एक प्रश्न होता: आई असंबद्ध बोलते का, झटके येतात का? त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी नीट बोलत होते, मीच त्यांना चहा दिला होता. त्यांनी ‘नाही’वर खूण केली. त्या रात्री लेक रडायला लागली तेव्हा ते रडणं मला दुसऱ्याच कुणाच्या घरातून येतंय असं वाटत होतं आणि मी भिंतीकडे तोंड करून पडून होते. आशाताईंची यात चूक नव्हती. त्यांच्या हातात तोच प्रश्न दिलेला होता. जी बाई शुद्धीवर आहे आणि तरी बुडते आहे, तिच्यासाठी त्या कागदावर जागाच नव्हती. एका दवाखान्यात दाखवलं, तिथं टॉनिक मिळालं. शेवटी ओळखलं ते शेजारच्या वहिनींनी. त्या रोज दुपारी येऊन बसायच्या, काही विचारायच्या नाहीत, मुलीला पायावर घेऊन न्हाऊ घालायच्या. आठव्या-नवव्या दिवशी म्हणाल्या, “तुजं डोळं बघून मला माजी बारकी भण आठवती. चल, डॉक्टरकडं जाऊ.” पुढे आठ महिने गोळ्या आणि बोलणं दोन्ही चाललं. एका शेजारणीची नजर आणि एका डॉक्टरचं औषध एकमेकांना सापडलं म्हणून मी आज हे लिहिते आहे. ते सापडणं निव्वळ योगायोग होता, आणि माझी सगळी तक्रार त्या योगायोगाबद्दल आहे.

आता समोरच्यांच्या मुद्द्यांकडे येते. त्यातला पहिला हसण्यावारी नेण्यासारखा नाही. जुनी माणसं म्हणतात, आपल्या रीतीतच बाळंतिणीची काळजी होती. खरं आहे. पहिलटकरणीनं माहेरी जायचं, सव्वा महिना ओल्या बाळंतिणीला काम सांगायचं नाही, शेक-शेगडी, अंगाला तेल, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, पाचवीच्या रात्री बायकांनी सोबत जागायचं. आईला विश्रांती हवी, सोबत हवी, झोप हवी, हे कुठल्याही मानसशास्त्राआधी आपल्या आज्यांना ठाऊक होतं, आणि जिथं ही रीत मोडली तिथं बायका एकट्या पडल्या, हेही खरं. औद्योगिक वसाहतीत पाळी करणाऱ्या नवऱ्याबरोबर दोन खोल्यांत राहणाऱ्या मुलीला सव्वा महिना कोण देणार? पण या रीतीच्या आधारावर ‘पूर्वी असं काही नव्हतं’ म्हणणं निराळं. पूर्वी नव्हतं, तर ‘बाळंतवारं’ हा शब्द कशाला पडला? बाळंतिणीला ‘बाहेरचं’ झालं म्हणून देवरशाकडे कुणाला नेत होते? जात्यावर बसलेल्या बायकांनी आपलं दुःख ओवीत घातलं ते ऐकायला माणूस नव्हतं म्हणूनच ना? १८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. फसवल्या गेलेल्या विधवांनी तिथं येऊन गुप्तपणे बाळंत व्हावं, कुणी नाव विचारणार नाही, असं त्यांनी जाहीर केलं. त्या काळच्या सनातन्यांच्या लेखीही प्रश्न ‘कठोर आईचा’ होता. फुले दांपत्यानं आईला दोष देणं सोडून तिच्याभोवतीची परिस्थिती बदलायला घेतली. आपण दीडशे वर्षांनंतरही ‘आईच्या काळजाला पाझर कसा फुटला नाही’ असं लिहितो. रीत मोलाची आहे, पण ती थोरलीला मिळते आणि दुसरीपण मुलगी झालेल्या धाकटीला निम्मीच मिळते. माहेर नसलेलीला मिळत नाही. ज्या घरात सासूच छळते तिथं तर सव्वा महिना म्हणजे सव्वा महिन्याची कोंडी.

दुसरा मुद्दा चळवळीतले लोक मांडतात आणि तो मला अधिक जड वाटतो. ते म्हणतात, बाईच्या दुःखाला आजार ठरवू नका. नवरा दारू पितो, सोसायटीचं कर्ज आहे, मुलगी झाली म्हणून टोमणे आहेत. यावर गोळी देऊन काय होणार? गोव्याच्या त्याच पाहणीत नैराश्याशी जोडलेल्या गोष्टी निघाल्या त्या नेमक्या याच: गरिबी, नवऱ्याची मारहाण, मुलीचा जन्म. आणि आपल्या जिल्ह्याला मुलीचा जन्म म्हणजे काय हे सांगायला नको. २००१ च्या जनगणनेत सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे कोल्हापुरात ८३९ मुली होत्या, २०११ मध्ये ८६३. इतकी सुबत्ता असलेल्या जिल्ह्यात. ज्या गावात गर्भातच मुलगी नको असते तिथं ती जन्मली की आईच्या मनावर काय येतं? तेव्हा मान्य, मुळं समाजात आहेत. पण मूळ समाजात आहे म्हणून उपचार समाजसुधारणा पूर्ण होईपर्यंत थांबवायचे का? क्षयाचं मूळही कुपोषणात आणि कोंदट खोल्यांत असतं. म्हणून क्षयरोग्याला आपण औषध नाकारत नाही. शिवाय उपचार म्हणजे गोळीच, हे कुणी ठरवलं? झारखंड आणि ओडिशातल्या आदिवासी गावांत एकजुट संस्थेनं बायकांचे गट बांधले. महिन्याला बैठक, चित्रं, गोष्टी, बाळंतपणात काय अडचणी येतात आणि त्यावर आपण गाव म्हणून काय करू शकतो याची चर्चा. औषध नाही, मानसोपचार हा शब्दसुद्धा नाही. २०१० साली निष्कर्ष आले. तीन वर्षांत नवजात बाळांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशानं घटले, आणि तिसऱ्या वर्षात मातांमधलं मध्यम नैराश्य ५७ टक्क्यांनी कमी झालं. मनाविषयी न बोलताही बायकांचं मन सावरलं, कारण त्यांना आपल्या अडचणीवर काही करता आलं, आणि ते चौघींच्या संगतीनं करता आलं. हा समाजबदल आहे की उपचार? माझ्या मते हा भेद बैठकीत बसलेल्या बाईला पडलेला नसतो.

तिसरा आक्षेप माझ्या स्वतःच्याच मनात सर्वांत जास्त घोळतो. गावाला भागीदार करा म्हणता, पण गावच तर अडचण आहे! बाईनं आशाताईला सांगितलं की संध्याकाळपर्यंत दूध डेअरीच्या रांगेत कळतं. ‘डोक्याचं औषध चालू आहे’ एवढं कळलं की धाकट्या नणंदेचं लग्न अडतं, पुढं काही बिनसलं तर सोडचिठ्ठीच्या कागदात ते कारण होतं. आशाताई बहुधा त्याच गल्लीतली, कधी भावकीतली. मी हे नाकारत नाही. आठ महिने माझ्या गोळ्या मी डाळीच्या डब्यात ठेवत होते. पण गाव ही एकदाच घडलेली, न बदलणारी वस्तू आहे का? शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडनं मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव केला की विधवेचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं या प्रथा गावात बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारनं सगळ्या ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. कुंकू पुसणारे हात गावातलेच होते आणि ठरावाला वर झालेले हातही गावातलेच. मात्र मी हेरवाडचा दाखला देते तेव्हा त्याची मर्यादाही ओळखते: ठरावानं लाज कमी होते, गुपित पाळलं जात नाही. गुपितासाठी नियम लागतो. म्हणून बाईला पर्याय हवा: आपल्या गल्लीतल्या आशाताईशी बोलायचं, की उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याशी, की १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या, नंबरवर. नोंद नावानं नाही, क्रमांकानं हवी. आणि ग्रामपंचायतीच्या हातात कुठलीही यादी नको, एकही नाव नको. गावाचं काम यादी ठेवणं नाही. गावानं बाळंतिणीला चार चौघीत बसायला जागा आणि वेळ मिळेल असं पाहायचं.

राहिला आशाताईंवरच्या बोजाचा प्रश्न. कुष्ठरोगाचा सर्व्हे, डेंग्यूचा सर्व्हे, गोल्डन कार्ड, मोबाइलवरचे ॲप, आणि मोबदल्यासाठी दर थोड्या दिवसांनी आंदोलन. त्यांच्या डोक्यावर आणखी एक काम ठेवणं मला मान्य नाही, फुकट तर मुळीच नाही. पण हिशेब करून पाहू. साधारण हजार वस्तीमागे एक आशाताई. हजार वस्तीत वर्षाला पंधराएक बाळंतपणं. त्यातल्या पाचीला एक धरली तर वर्षाला तिघी. पंधरा जणींशी गरोदरपणी एकदा आणि बाळंतपणानंतर दोनदा, निवांत वीस मिनिटं बोलायचं म्हटलं तर वर्षाचे पंधरा तास होतात. काम अवजड नाही. अवजड आहे ते विनामोबदला, विनाप्रशिक्षण आणि पुढं कुणाकडे पाठवायचं हे ठाऊक नसताना करायला लावणं. तेव्हा या संभाषणाचा मोबदला वेगळा धरावा आणि दुसरा एखादा सर्व्हे त्यांच्याकडून काढून घ्यावा.

“आशाताईला मनातलं काय कळणार, दहावी-बारावी शिकलेली बाई,” असंही म्हटलं जातं, आणि ते शिकलेल्यांकडून अधिक. हे वाक्य महाराष्ट्रानं आधी ऐकलेलं आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी खेड्यातल्या बायकांना नवजात बाळाचा जंतुदोष ओळखायला आणि इंजेक्शन द्यायला शिकवलं तेव्हा हेच म्हटलं गेलं होतं. १९९९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले, अर्भकांचे पहिल्या महिन्यातले मृत्यू ६२ टक्क्यांनी खाली आले होते. आज देशभर आशाताई ज्या घरभेटी करतात त्यांचं मूळ त्या प्रयोगात आहे. बाळाचे श्वास जिला मोजता येतात तिला बाळाच्या आईला ‘झोप लागते का, कशात मन लागतं का’ हे विचारता येणार नाही? पाकिस्तानात रावळपिंडीजवळच्या खेड्यांत तिथल्या आरोग्यसेविकांना नैराश्यात असलेल्या मातांशी कसं बोलायचं, विचारांची दिशा हळूहळू कशी बदलायची, घरच्यांना कसं सामील करून घ्यायचं, हे शिकवलं गेलं. २००८ साली निष्कर्ष आले. बाळ सहा महिन्यांचं होईतो, ज्यांना हा आधार मिळाला त्यांच्यात २३ टक्के माता नैराश्यात राहिल्या होत्या. नुसत्या घरभेटी मिळालेल्यांमध्ये ५३ टक्के. त्यांच्या बाळांना जुलाबही कमी झाले, लसीही जास्त मिळाल्या. हाच कार्यक्रम पुढे गोव्यात शेजारपाजारच्या बायकांना स्वयंसेविका करून राबवला. फायदा झाला, पण माफक. मला हा फरक महत्त्वाचा वाटतो. माया आणि शेजारधर्म यांनी काम सुरू होतं. ते तडीला जायला पगारी, शिकलेलं आणि पाठीशी यंत्रणा असलेलं माणूस लागतं. माझ्या वहिनींना डॉक्टर सापडले नसते तर त्या माझ्यासोबत बसून नुसत्या रडल्या असत्या.

तज्ज्ञ नेमा म्हणणाऱ्यांनाही हेच उत्तर. नेमा, जरूर नेमा. पण भारतात एक लाख लोकांमागे मानसोपचारतज्ज्ञ एकसुद्धा पुरता येत नाही, पाऊणच येतो, आणि तो शहरात असतो. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात वेगवेगळ्या मानसिक आजारांच्या ७० ते ९२ टक्के रुग्णांना उपचार मिळत नसल्याचं दिसलं. गगनबावड्याच्या किंवा चंदगडच्या वाडीतली बाळंतीण तीन महिन्यांचं लेकरू काखेत मारून एसटीनं कोल्हापूरला येईल, रांगेत उभी राहील, ‘मला कशातच मन लागत नाही’ असं अनोळखी डॉक्टरला पाच मिनिटांत सांगेल आणि दर पंधरा दिवसांनी पुन्हा येईल, ही कल्पना ज्यांनी कधी एसटीची वाट पाहिली नाही त्यांचीच असू शकते.

अशी भागीदारी आपल्याला जमणार नाही असं कुणी म्हणालं की मला नवल वाटतं, कारण हा जिल्हा भागीदारीवरच उभा आहे. १९६३ साली स्थापन झालेल्या जिल्हा दूध संघाचं काम पाहा. गावात संस्था, सकाळ-संध्याकाळ दूध मापणारा गावचाच माणूस, फॅट लिहून ठेवणारा सचिव, आणि म्हैस अडली, व्याल्यावर उठेना, दूध सोडेना की निरोप जातो आणि जनावरांचा डॉक्टर गोठ्यात येतो. गावकऱ्याला वैद्यक येत नाही आणि डॉक्टरला कुणाची म्हैस कधी व्याली ते ठाऊक नसतं. दोघांच्या मध्ये संस्था आहे, तिचा हिशेब आहे, डॉक्टरच्या भेटीचा दर ठरलेला आहे. हे मी खोचकपणे म्हणत नाही. ही व्यवस्था उभारायला या जिल्ह्यातल्या माणसांनी हाडाची काडं केली आणि मला तिचा आदर आहे. म्हणूनच विचारते, व्यालेल्या म्हशीसाठी जो निरोप जातो तो बाळंत झालेल्या बाईसाठी का जाऊ नये?

त्याही मागं जाता येईल. शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात वसतिगृहं काढायला सुरुवात केली: मराठा, जैन, मुस्लिम, लिंगायत, १९०८ चं अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठीचं मिस क्लार्क होस्टेल. दरबारनं जागा दिली, इमारतीला मदत दिली, वार्षिक अनुदान दिलं. चालवायची जबाबदारी त्या त्या समाजाच्या मंडळींची. आणि जिथं समाजाच्या इच्छेवर सोपवून भागणार नव्हतं तिथं त्यांनी सोपवलं नाही. १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. पोरं शाळेत गेली तर गुरं कोण राखणार, हा सवाल तेव्हाही होताच. आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात, म्हणजे आजच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात, बायकांना बाई डॉक्टर मिळावी म्हणून कृष्णाबाई केळवकरांच्या वैद्यकीय शिक्षणाला त्यांनी पाठबळ दिलं. पुरुष डॉक्टरला बायका दुखणं सांगत नाहीत म्हणून बायकांना दोष देत बसण्यापेक्षा, जिला त्या सांगतील अशी बाई घडवणं त्यांना जास्त शहाणपणाचं वाटलं. समाजानं चालवायचं, सरकारनं पैसा आणि कायदा द्यायचा, आणि मधलं माणूस मुद्दाम घडवायचं: मला हवी असलेली भागीदारी याहून वेगळी नाही.

प्रत्यक्षात ती कशी दिसेल? डोहाळजेवण आपण हौसेनं करतो. गावातल्या बचत गटांनी त्याच्याच जोडीला महिन्यातून एक दुपार अंगणवाडीत गरोदर आणि लेकुरवाळ्यांसाठी राखून ठेवावी. सासवांनाही त्यात बोलवावं, कारण सासूनं स्वतः सोसलेलं कधी कुणी विचारलेलं नसतं आणि ते एकदा बोलून झालं की सुनेकडे पाहण्याची नजर बदलते. हे मी दोन बैठकांत पाहिलं आहे. ज्या तालमीत पोरं जमतात तिथं बापांशी बोलायला हवं, हा भाग सगळ्यांत अवघड आणि त्याची सुरुवात कशी करायची यावर गावच्या जाणत्यांनी डोकं लढवावं. आशाताईच्या कागदावर त्या एका प्रश्नाऐवजी नीट प्रश्न हवेत, आणि ते घरच्यांसमोर विचारायचे नाहीत. गेल्या पंधरा दिवसांत मन खिन्न राहिलं का, कशात रस वाटेनासा झाला का, या दोन प्रश्नांनी सुरुवात होते. होय आलं तर बाळंतपणानंतरचं नैराश्य ओळखणारी दहा प्रश्नांची एडिनबरोची पट्टी १९८७ पासून जगभर वापरात आहे. तिथून पुढे प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरला सौम्य आणि तीव्र यांतला फरक कळायला हवा. अंगावर पाजत असतानाही डॉक्टरच्या सल्ल्यानं घेता येतील अशी औषधं आहेत, हे त्याला ठाऊक हवं. ‘दूध तोडावं लागेल’ या भीतीनं कितीतरी जणी औषधाच्या वाटेला जात नाहीत.

हजारात एक-दोन बाळंतिणींना पहिल्या पंधरवड्यातच खरा उन्माद होतो. त्या असंबद्ध बोलतात, भास होतात, बाळाविषयी भलतंच वाटू लागतं. तिथं गप्पा नाहीत, बैठक नाही, देवरशी तर नाहीच. त्याच दिवशी दवाखाना. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार अशा आईपासून तीन वर्षांखालचं मूल सहसा तोडता येत नाही. बंगळूरच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत आई आणि बाळ एकत्र ठेवून उपचार करणारा विभाग २००९ पासून चालतो. आपल्या जिल्ह्यातही सरकारी खर्चानं चालणाऱ्या अशा दोन-चार खाटा असाव्यात, ही मागणी जिल्हा परिषदेतल्या आणि विधानसभेतल्या आमच्या प्रतिनिधींनी लावून धरावी.

गाव, गाव असं मी म्हणत आले, पण ज्यांना इथं गावच नाही त्यांचं काय? गळीत हंगाम सुरू झाला की बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, बाळंत होऊन आठवड्यात मोळी डोक्यावर घेणारी बाई आपल्या शिवारात चार-पाच महिने असते. तिचं नाव कुठल्या आशाताईच्या यादीत? तिच्या सव्वा महिन्याची रीत कुणी पाळायची? ती आगाऊ घेतलेल्या उचलीपोटी मुकादमाला बांधील, तिचं माहेर तीनशे-चारशे किलोमीटरवर, आणि तिला पाहणारी शेजारीण स्वतः पहाटे चारला फडात. आपल्या समाज या शब्दाची परीक्षा तिच्यापाशी होते. जो साखर कारखाना टोळीशी करार करतो त्यानं तळावर हंगामापुरती एक पगारी आरोग्यसेविका ठेवावी, आणि तळ ज्या उपकेंद्राच्या हद्दीत पडतो त्यानं त्या बायकांची नोंद आपल्याच बायकांसारखी करावी. ही मेहेरबानी नाही. त्या बाईनं तोडलेल्या उसावर आमच्या पोरांची शिक्षणं झाली आहेत.

एका गोष्टीत मात्र घाई नको, आणि इथं मी माझ्याच बाजूच्या उत्साही मंडळींशी भांडते. विचारायला सुरुवात करणं सोपं आहे, छापील प्रश्न उद्या वाटता येतील. पण बाईनं पहिल्यांदाच कुणाजवळ तरी मन मोकळं केलं आणि त्यावर ‘बरं, पुढच्या महिन्यात बघू’ असं उत्तर आलं, तर ती पुन्हा कधीच बोलणार नाही. म्हणून आधी पुढची वाट तयार हवी: प्रत्येक तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात आठवड्यातला एक ठरलेला वार, त्या दिवशी मनाच्या दुखण्याचा डॉक्टर किंवा समुपदेशक हजर, आणि एरवी आशाताईनं लावलेला फोन पलीकडून उचलणारं एक नाव-गाव माहीत असलेलं माणूस. सुरुवात करवीरपासून करू नये. इथं रिक्षानंही दवाखाना गाठता येतो. शाहूवाडीतल्या किंवा गगनबावड्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रापासून करावी, जिथं पावसाळ्यात वाट बंद पडते. तिथं तो वार नेमला, तो फोन तीन महिने न चुकता उचलला गेला, की मग तिथल्या आशाताईंच्या हातात प्रश्नांचा कागद द्यावा.